रिकामं घर आणि भाड्याचं घर

माझी भाची कुडाळची. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी तिला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. पहिल्या तारखेला हजर व्हायचं, हातात नऊ दिवस. "मावशी, तू फोंड्यात आहेस, मग घराची काय काळजी?" असं म्हणून ती बॅग घेऊन आली. मलाही तसंच वाटलं. चाळीस वर्षं गोव्यात मास्तरकी केली, निम्म्या फोंडा तालुक्यात माझे विद्यार्थी. एक खोली-स्वयंपाकघर मिळायला असा कितीसा वेळ लागणार?

ती माझ्याकडेच राहिली असती, पण दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. कंपनीची बस मडगाव आणि वास्कोकडे जाते, फोंड्याकडे नाही. बोरीमार्गे जाणारी शेवटची साधी बस त्याच्या कितीतरी आधी निघून गेलेली असते. म्हणून कुठ्ठाळी, सांकवाळ, नुवें, फातोर्डा, नावेली असं आम्ही स्कूटरवरून फिरत राहिलो. सात दिवसांत एकवीस जागा पाहिल्या. पाहिल्या म्हणजे त्यातल्या निम्म्या फाटकातूनच पाहिल्या.

फाटकातले संवाद आता पाठ झालेत. "तूं खंयची?" हा पहिला प्रश्न. "एकटीच रावतली?", म्हणजे एकटीच राहणार का, हा दुसरा. तिसरा प्रश्न येत नाही, तिसरं वाक्य येतं: "आमी फॅमिलीक दितांव." नुवेंतल्या एका आजींनी आम्हाला बसवलं, कोकम सरबत दिलं, मुलीचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की खोली आहे, पण मे अखेरपर्यंत पर्यटकांसाठी ठेवलेली आहे, जूनमध्ये या. पावसाचे चार महिने घर तुमचं, ऑक्टोबर आला की सामान बाहेर. गोव्यात नोकरीला येणाऱ्याला हे ठाऊक नसतं: इथे घराला ऋतू असतो. पावसाळ्यात सहज मिळणारी जागा दसऱ्यानंतर बाजारातून नाहीशी होते. भाचीची नोकरी नेमकी त्याच आठवड्यात लागली.

फातोर्ड्यात एक फ्लॅट मिळत होता. भाडं सतरा हजार, अनामत तीन महिन्यांची, दलाली एक महिन्याची, पहिलं भाडं आगाऊ. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी पंच्याऐंशी हजार रुपये. मुलीच्या हातात पडणारा पगार एकवीस हजार, तोही महिना भरल्यावर. चार महिन्यांची कमाई, कमावण्याआधीच. ही रक्कम तिच्या वडिलांनी पतसंस्थेतून उचलली असती, कोकणातले बाप तेवढं करतात. पण त्यानंतर दरमहा चार हजारांत ती जेवली कशी असती, हे विचारायला आम्ही थांबलो नाही.

या फिरण्यात मला जे सलत राहिलं ते वेगळंच आहे. प्रत्येक नकाराच्या दोन-तीन घरं अलीकडे-पलीकडे एक कुलूपबंद घर होतं. कुठे कौलं खचलेली, कुठे रंग ताजा आणि माळी रोज येऊन पाणी घालतो, पण माणूस नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाचांतली एकाहून जास्त वास्तू रिकामी आढळली होती, संख्येने जवळजवळ सव्वा लाख. देशातल्या सगळ्या राज्यांत हे प्रमाण गोव्याचं सर्वांत जास्त होतं. राज्याची लोकसंख्या तेव्हा साडेचौदा लाखांच्या आसपास होती. पुढची जनगणना लांबत गेली, तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला कुलपं मोजायला जनगणनेची गरज पडत नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. गोव्यात नोकरीसाठी येणाऱ्याला घर मिळत नाही ते घरं कमी आहेत म्हणून नव्हे. घरं आहेत. ती वर्षभरासाठी, साध्या पगारदाराला, कागद करून द्यायला मालक धजत नाहीत. आणि न धजण्याची त्यांची कारणं सगळीच लोभाची नाहीत. ही भीती दूर करणं सरकारच्या हातात आहे, पण आजवर सरकारने भाडेकरूची चौकशी करण्यापलीकडे फारसं काही केलेलं नाही.

भीतीचं मूळ जुनं आहे. मुक्तीनंतर इथे कुळकायदा आला, मग १९७५ मध्ये मुंडकार कायदा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, त्याच्या माडांची राखण करणाऱ्या मुंडकाराला कोणीही एका सकाळी घराबाहेर काढू नये, म्हणून तो कायदा झाला. न्याय्य होता. आमच्याच वाड्यावरच्या कितीतरी घरांना त्याने छप्पर दिलं. पण त्या कायद्याची एक सावली भाटकारांच्या आणि पुढे साध्या घरमालकांच्या मनावर पडली ती पडलीच: घरात कोणाला ठेवलंस तर तो मुंडकार होऊन बसेल. माझे सासरे हेच म्हणत. त्यांनी तळमजला आयुष्यभर कोणाला दिला नाही.

गंमत अशी की हा कायदाच सांगतो की घराचं भाडं भरून राहणारा माणूस मुंडकार ठरत नाही. मुंडकार कोण याची जी व्याख्या कायद्यात आहे, तिच्यातूनच भाडं देणाऱ्याला वगळलेलं आहे. म्हणजे भाड्याची पावती ही मालकाच्या गळ्यातला फास नसून त्याचं कवच आहे. आणि नेमकी तीच पावती गोव्यातला मालक द्यायला घाबरतो! "पावती-बिवती नको, रोख द्या," असं सांगणारे चार जण आम्हाला भेटले. त्यातल्या दोघांना कर चुकवायचा असेल. पण दोघे खरोखरच भ्यालेले होते. त्यांना पावती म्हणजे हक्क सोडून दिल्याचा पुरावा वाटत होता. कायदा होऊन पन्नास वर्षं झाली, आणि एवढी साधी गोष्ट सांगायला कोणतीही पंचायत आपल्या ग्रामसभेत अर्धा तास काढत नाही.

दुसरं कारण वारसांचं. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. लग्नानंतर मालमत्ता साधारणपणे नवरा-बायकोची समाईक, आणि पुढे मुलगे-मुली सगळे वारस. बाईच्या बाजूने पाहिलं तर हा कायदा उर्वरित देशाच्या कितीतरी पुढे होता, मला त्याचा अभिमान आहे. पण तीन पिढ्या वाटणी झाली नाही की एका घराला सोळा-सतरा मालक होतात. त्यातला एक लिस्बनला, दोघे गिरगावात, एक कुवेतला, एकाचा पत्ताच नाही. वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारस आणि मालमत्ता यांची यादी करून वाटे पाडण्याचा, खटला घालावा लागतो. २०१२ च्या वारसा कायद्याने ही प्रक्रिया नव्याने मांडली, पण सह्या गोळा करायचं काम कायद्याने हलकं होत नाही. अशा घरात भाडेकरू ठेवायचा तर करारावर सही कोणी करायची? म्हणून घर कुलपात राहतं आणि वाळवी फुकट राहते.

तिसऱ्या कारणावर फार शब्द खर्च करत नाही, ते सगळ्यांना दिसतंच. पर्यटक एका रात्रीचे जे देतो ते पगारदार आठवड्याचे देऊ शकत नाही. हणजुणे-आसगावच्या बाजूला तर दिल्ली-मुंबईच्या लोकांनी घेतलेली घरं वर्षातून पंधरा दिवस उघडतात. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यातही तेच वारं शिरलं. ज्या पेडण्यातून मुलं कामासाठी पणजीला येत, तिथे आता बाहेरून येणाऱ्या कामगाराला खोली मिळत नाही.

या तिसऱ्या कारणात एक विसंगती मात्र दडलेली आहे, तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पर्यटकाला राहायला खोली द्यायची तर पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा कायदा आहे. नोंदणी करा, खातं येऊन पाहील, नियम मोडलात तर दंड. कायदा पाळला जातो की नाही हा भाग सोडा, पण दोन रात्री राहणाऱ्या पाहुण्याच्या सोयीची जबाबदारी राज्याने कागदावर तरी घेतली आहे. जी मुलगी दोन वर्षं राहणार, इथल्या कारखान्यात औषधं तपासणार, इथल्या बाजारातून बांगडे विकत घेणार, तिच्या खोलीला दाराची कडी आहे की नाही हे पाहायला कोणतंही खातं येत नाही.

येतात ते पोलीस. भाडेकरूची पडताळणी गोव्यात सक्तीची आहे. मालकाने भाडेकरूचा फोटो, आधार, मूळ गावचा पत्ता पोलीस स्थानकात द्यायचा. नाही दिला तर त्याला दंड. माझा याला विरोध नाही. कळंगुटपासून काणकोणपर्यंत गेल्या काही वर्षांत काय काय घडलं ते आपण रोज वाचतो. पण ही चौकशी एकाच बाजूने होते, हे खटकतं. मुलगी कोण, कुठली, तिच्यावर गुन्हा आहे का, हे सरकार विचारतं. घर कोणाचं आहे, किल्ली देणारा खरोखर मालक आहे का, दुसरी किल्ली कोणाकडे आहे, याआधीच्या भाडेकरणी का सोडून गेल्या, हे मात्र कोणी विचारत नाही. एकट्या बाईला परक्या गावात ज्याच्यापासून धोका संभवतो त्याची चौकशी नाही, आणि तिची मात्र पूर्ण फाइल तयार.

सांकवाळच्या एका जागेची गोष्ट सांगते. खोली स्वच्छ, भाडं आठ हजार, मालक पन्नाशीचे, मुलीला "बाय" म्हणून बोलणारे. आम्ही हो म्हणायच्या बेतात होतो. मी सहज विचारलं, आतून कडी कुठे आहे? कडी नव्हती. कुलूप होतं, त्याच्या दोन किल्ल्या, एक त्यांच्याकडे राहणार. "गॅस-बिस बघूक येवचें पडटा," असं ते म्हणाले. कदाचित खरोखर गॅस पाहायलाच ते येत असतील. आम्ही परत फिरलो. वाटेत भाची म्हणाली, "मावशी, तू नसतीस तर मी विचारलं नसतं. आठ हजार ऐकूनच हो म्हटलं असतं." स्वस्त आणि सुरक्षित या दोन गोष्टी एकमेकींपासून तुटतात त्या अशा. ज्याच्याकडे वेळ नाही, पैसा नाही आणि बरोबर मावशी नाही, त्याला कडीचा आग्रह धरणं परवडत नाही.

फसवणुकीचंही तेच. इंटरनेटवर एक जाहिरात होती, वास्कोजवळ फ्लॅट, फोटो सुरेख, भाडं नऊ हजार. फोनवरचा माणूस म्हणाला, मी नौदलात आहे, माझी बदली झाली, किल्ली शेजाऱ्याकडे आहे, आधी पाच हजार टोकन पाठवा म्हणजे दुसऱ्या कोणाला देणार नाही. वास्कोला नौदलाचा तळ असल्याने ही थाप चटकन खरी वाटते. देशभर हीच गोष्ट सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या नावाने चालते, गाव तेवढं बदलतं. आम्ही पत्ता विचारून तिथे गेलो तर इमारत होती, फ्लॅट होता, त्यात एक कुटुंब जेवायला बसलं होतं. ज्यांनी पैसे पाठवले असतील त्यांनी १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. पण मुद्दा असा की अशा जाहिरातीला लोक भुलतात ते मूर्ख असतात म्हणून नाही. एकोणीस नकारांनंतर विसाव्या ठिकाणी कोणीतरी हो म्हणालेलं असतं.

मग कागद. भारतभर अकरा महिन्यांचा करार चालतो, कारण एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो, आणि ती कटकट कोणाला नको असते. गोव्यात पुष्कळदा तो अकरा महिन्यांचा कागदही नसतो. असलाच तर नोटरीच्या शिक्क्यापुरता, एकच प्रत, ती मालकाकडे. आमच्या शेजारच्या महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं ५५ वं कलम सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं मानायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कुडाळात बसलेल्या माझ्या मेहुण्यांना हे माहीत होतं, "तुमच्याकडे नोंदणी नाही?" असं त्यांनी फोनवर दोनदा विचारलं. मी गप्प बसले. दरवेळी महाराष्ट्राशी तुलना झाली की आम्हा गोंयकारांना जरा राग येतो, पण इथे राग आणून भागणार नव्हतं.

त्याच महाराष्ट्राच्या कायद्यात मालकासाठीही तजवीज आहे. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर वेगळ्या सक्षम अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तोपर्यंत दुप्पट भाडं आकारता येतं. म्हणजे कागद दोघांनाही धरून ठेवतो. गोव्यात आपण अजून १९६८ च्या इमारत भाडे आणि निष्कासन नियंत्रण कायद्यापाशी आहोत. तो त्या काळच्या टंचाईसाठी होता. भाडेकरूला बाहेर काढायची कारणं त्यात मोजून दिलेली आहेत, आणि त्यासाठी नियंत्रकासमोर उभं राहावं लागतं. कोर्टात वर्षं जातात, हे मालकांचं म्हणणं खोटं नाही. माझ्या ओळखीच्या एका विधवा शिक्षिकेला आपल्याच घराच्या दोन खोल्या परत मिळवायला मुलीचं लग्न होऊन नातू शाळेत जाईपर्यंत थांबावं लागलं. तिला "भाड्याने दे, समाजाचं भलं होईल" असं सांगायला मी जाणार नाही.

२०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर करून राज्यांकडे पाठवला. तो राज्यांवर बंधनकारक नाही, पण त्यात कामाच्या चार गोष्टी आहेत. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको. करार लेखी असावा आणि दोन महिन्यांच्या आत भाडे प्राधिकरणाला कळवावा. मालकाला घरात यायचं तर चोवीस तास आधी सांगावं, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर येऊ नये. मुदत संपूनही भाडेकरू बसून राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडं. फातोर्ड्याच्या त्या फ्लॅटला यातली पहिली अट लागू असती तर पंच्याऐंशी हजारांचे अडुसष्ट झाले असते. तरीही जास्तच, पण वडिलांना पतसंस्थेत एक हप्ता कमी. सांकवाळच्या त्या किल्लीला तिसरी अट लागू पडते. आणि माझ्या त्या शिक्षिकेला चौथी.

एवढं मांडल्यावर पणजीत लगेच एक आवाज उठतो, तो मला ऐकू येतोय: भायल्यांसाठी, म्हणजे बाहेरच्यांसाठी, एवढं कशाला? गोव्यात आधीच माणसं जास्त झाली. हा आवाज मी टाळणार नाही, कारण तो माझ्या घरातही आहे, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसतो. ३,७०२ चौरस किलोमीटरचं राज्य, डोंगर कापले जातायत, खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, बुजतायत. भीती खरी आहे. पण भाड्याच्या घराचा प्रश्न भायल्यांचा म्हणून बाजूला ठेवला की तो आपल्याच मुलांवर येऊन आदळतो. काणकोणचा मुलगा पर्वरीला सचिवालयात लागला तर तोही रोज चार तास बसमध्ये घालवतो, किंवा ताळगावात एका खोलीत तिघांबरोबर राहतो. सत्तरी तालुक्यातली नर्स बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पाळी करते, तिलाही फाटकात "एकटीच रावतली?" विचारतात. डिचोलीचं शिक्षक जोडपं, वाळपईची बँकेतली मुलगी, सगळे त्याच रांगेत. फरक इतकाच की त्यांना घाटी म्हणत नाहीत.

आणि हो, तो शब्द. माझ्या भाचीला एका ठिकाणी, ती ऐकते आहे हे ठाऊक असून, घाटी म्हटलं गेलं. कुडाळची मुलगी, आजोळ फोंडा, घरात मालवणी बोलते, जी ऐकून पेडणेकर आपली म्हणेल. सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्यामध्ये तेरेखोलच्या पाण्याएवढंच अंतर. लग्नं, देव, जत्रा, गोमेकॉतला वॉर्ड सगळं एकत्र. तिने ऐकलं आणि हसली. मला नाही हसता आलं.

यात सर्वांत तळाला जे आहेत त्यांचा तर मी अजून उल्लेखही केला नाही. झुआरीनगरच्या बाजूला, ज्याला लोक अजूनही बिर्ला म्हणतात, पत्र्याच्या खोल्यांत एकेका ठिकाणी सहा-सात कामगार राहतात. ओडिशा, झारखंड, उत्तर कर्नाटक. डोक्यामागे भाडं घेतात, त्यामुळे जागेच्या मानाने पाहिलं तर ते फातोर्ड्याच्या फ्लॅटपेक्षा महाग पडतं. त्यांना करार, अनामत, चोवीस तास हे शब्द माहीत नाहीत. आमच्या घराच्या शोधाला मी अडचण म्हणते आहे ती त्यांच्यासमोर म्हणायला मला लाज वाटेल.

कारखान्यांचाही थोडा हिशेब व्हायला हवा. वेर्णा, कुंडई, तुयें, होंडा, मडकई, कुंकळ्ळी, अशा वसाहती राज्याने स्वस्तात जमीन देऊन उभ्या केल्या. जमीन कारखान्याला, रस्ता कारखान्याला, वीज कारखान्याला. माणूस कुठे झोपणार, याचा नकाशात चौकोनही नाही. तीन पाळ्यांचा कारखाना चालवणाऱ्याने पाळी सुटल्यावर बाई कुठे आणि कशी जाते याकडे डोळेझाक करणं मला पटत नाही. प्रत्येक कंपनीने क्वार्टर्स बांधाव्यात असं मी म्हणत नाही, ते आता होणार नाही. पण कंपनी स्वतः करारावर सही करू शकते. मालकाला अनोळखी मुलीपेक्षा वेर्ण्यातली कंपनी जामीन म्हणून जास्त भरवशाची वाटेल, आणि अनामत पगारातून हप्त्याने कापून घेता येईल. रुजू होण्याचं पत्र पाठवताना त्याबरोबर पंधरा दिवसांची राहायची सोय जोडली तरी अर्ध्या फसवणुकी टळतील, कारण फसवणारा घाईवरच जगतो.

पंचायतीकडे घरपट्टीची वही असते. कोणतं घर कोणाच्या नावावर, कोणत्या घराला किती वर्षं कोणी उघडलं नाही, हे पंचायतीच्या कारकुनाला पोर्तुगीज काळापासून पाठ असतं. त्याच वहीत एक रकाना वाढवा: भाड्याने दिलेलं, करार क्रमांक अमुक. करार लेखी आहे, अनामत दोन महिन्यांची आहे आणि मुदत किमान वर्षाची आहे, एवढं दाखवणाऱ्या मालकाची घरपट्टी कमी करा. उलट वर्षभर बंद असलेल्या चांगल्या घराला थोडी जास्त लावा. सोळा वारसांच्या पडक्या घराला नव्हे, रंग ताजा असलेल्या बंगल्याला. नोंदणी पंचायतीतच होऊ दे, उपनिबंधकाच्या दारात दिवस घालवायला लावू नका. आणि मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याचा दावा ठरलेल्या दिवसांत निकाली काढणारा अधिकारी तालुक्याला एक तरी नेमा. हे शेवटचं झालं नाही तर आधीचं सगळं व्यर्थ आहे, कारण मालकाला सवलतीपेक्षा घर परत मिळण्याची खात्री हवी असते. पोलीस पडताळणीचा अर्ज त्याच कागदावर होऊ शकतो, त्यात मालकाचीही बाजू असावी, घरपट्टीच्या पावतीसकट.

हे सगळं मी लिहिते आहे आणि वर उल्लेख केलेला तळमजला माझाच आहे. सासरे गेल्यावर आम्ही तो चार वर्षं बंद ठेवला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे विहीर. एकवीस फाटकांतून परत फिरल्यावर बावीसावं फाटक माझं होतं, आणि त्यावर मीच घातलेलं कुलूप. भाचीला शेवटी नावेलीत तिघी मुलींबरोबर जागा मिळाली, साडेसहा हजारांत, आतून कडीसकट. तिला माझा तळमजला उपयोगाचा नव्हता. पण फर्मागुढीला आयआयटीत काम करणारी एक मुलगी आमच्या ओळखीच्या दुकानदाराकडे खोलीची चौकशी करत होती, तिला मी फोन केला. आणि फोनवर माझ्याच तोंडून पहिला प्रश्न आला: "एकट्याच का?" ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, हो. मी म्हटलं, या बघायला.

करार मीच लिहिला. अनामत दोन महिने, दोन प्रती, दर महिन्याला पावती. चोवीस तास आधी सांगितल्याशिवाय मालक घरात येणार नाहीत, या ओळीवर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. आमच्या ह्यांचं म्हणणं, आपल्याच घरात विचारून जायचं? आणि विहिरीचं काय? विहिरीला जायची वाट तळमजल्याच्या मागच्या व्हरांड्यातून आहे, तिथे ती मुलगी कपडे वाळत घालते. मी रोज सकाळी साडेसहाला दोन कळशा काढते, नळाला पाणी असलं तरी, सवय म्हणून. करारात आम्ही विहिरीचा अपवाद लिहिला नाही. गेले तीन महिने मी मागच्या दाराशी उभी राहून आधी कडी वाजवते, आणि ती आतून "या हो काकी" म्हणेपर्यंत कळशी हातात धरून थांबते.